एकदंताच्या मांडवात चेहऱ्याचे मार्क

मागच्या गणपतीत आमच्या सोसायटीच्या मंडळानं मोफत दंततपासणी शिबिर ठेवलं होतं. भांडुपला आमच्याकडे दर वर्षी काहीतरी असतंच, एकदा रक्तदान, एकदा डोळे, एकदा ते हाडं मोजायचं मशीन आलेलं ज्यात झाडून सगळ्या बायकांचं कॅल्शियम कमी निघालं आणि शेजारच्याच टेबलावर कॅल्शियमच्या गोळ्याही निघाल्या. तर त्या वर्षी दात. एका खाजगी क्लिनिकवाल्यांनी स्पॉन्सर केलेलं, बॅनर, फुगे, सेल्फी पॉइंट, सगळं. मला वाटलं किडलेले दात बघतील, ब्रश कसा करायचा ते सांगतील, एक टूथपेस्टची छोटी ट्यूब देतील. तसलं काही नाही. एक मुलगी टॅबलेट घेऊन उभी, पोरं रांगेत, ती टॅबलेट तोंडासमोर धरते, स्क्रीनवर चेहऱ्यावर पांढरी जाळी पसरते, लाल-हिरव्या रेघा इकडून तिकडे पळतात आणि दहा सेकंदात आकडा येतो. शंभरपैकी. चेहऱ्याच्या प्रमाणबद्धतेचे मार्क! वर आणि छापलेलं कार्ड मिळतं, प्रगतीपुस्तकासारखं.

माझी भाची चिनू नववीत आहे, सुट्टीत आमच्याकडे आलेली. तिला ६८ मिळाले. कार्डावर लिहिलेलं की चेहऱ्याचा खालचा तिसरा भाग लांब, हनुवटी मध्यरेषेच्या डावीकडे, वरच्या दातांची मध्यरेषा सरकलेली, आणि ‘आदर्श गुणोत्तर १.६१८, तुमचं गुणोत्तर’ असं काहीतरी. सल्ला काय, तर अलाइनर्स (तारांऐवजी दातांवर चढवायची पारदर्शक प्लॅस्टिकची कव्हरं), एक लाख साठ हजार, गणेशोत्सव ऑफरमध्ये वीस टक्के कमी, आणि हनुवटीचं काय ते अठरा पूर्ण झाल्यावर बघता येईल. चौदा वर्षांच्या मुलीला! तोपर्यंत त्या पोरीला आपल्याला हनुवटी आहे हेही माहीत नसेल. त्या दिवसापासून आठवडाभर ती फोटोत मान उजवीकडे वळवून उभी.

आणि वॉचमन काकांच्या ओमकारला मिळाले ८४. काका पाटणकडचे, गेटशेजारच्या खोलीत राहतात, ओमकार अकरा वर्षांचा. तो खूश, सगळ्यांना कार्ड दाखवत फिरला. फक्त एक गोष्ट, या ओमकारचे वरचे पुढचे दात इतके पुढे आहेत की ओठ मिटायला त्याला जोर लावावा लागतो. वडापाव तो बाजूच्या दातांनी तोडतो. पण टॅबलेट समोरून बघत होता ना, आणि समोरून बघितलं तर दात किती पुढे आलेत ते दिसतच नाही, ते बाजूनं बघावं लागतं. समोरून त्याचा चेहरा छान चौकोनी, दोन्ही बाजू सारख्या, म्हणून ८४.

हे सगळं ज्याच्या पायाशी चाललेलं तो एकदंत. एक दात अर्धा, सोंड एका बाजूला वळलेली. त्याला कोणी टॅबलेट लावला नाही. असो.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. चेहरा मोजायला माझी ना नाही, दातांच्या डॉक्टरला तो मोजावाच लागतो. पण चेहऱ्याचं मोजमाप इलाज कसा करायचा ते ठरवायला असतं, आजार आहे की नाही ते ठरवायला नसतं. ज्याला काही तक्रार नाही त्याचा चेहरा मोजून त्याच्या हातात तक्रार द्यायची आणि मग त्या तक्रारीवर इलाज विकायचा हा धंदा झाला. आणि तो मुलांवर, आईबापांची लेखी परवानगी न घेता, मंडळाच्या मांडवात चालतो हे बंद झालं पाहिजे.

मी डॉक्टर नाही, आधीच सांगते. पण त्या कार्डानंतर मी चिनूला आणि काकांना विचारून ओमकारलाही एका डेंटल कॉलेजात घेऊन गेले, आणि तिथे तीन खेपा घातल्यावर जे कळलं ते लिहितेय. मुंबईत ही सोय आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायरचं डेंटल कॉलेज आहे, सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारात सरकारी आहे, खाजगी कॉलेजंही आहेत. वेळ जातो, शिकाऊ डॉक्टर असतात, पण डोक्यावर सर उभे असतात आणि कोणाला काही विकायचं नसतं. हा शेवटचा मुद्दा फार मोठा आहे.

तिथल्या एमडीएस (दातांच्या डॉक्टरांची पुढची पदवी) करणाऱ्या मुलीनं पहिली गोष्ट काय केली, तर टॅबलेट नाही काढला, स्टीलची बारकी पट्टी काढली आणि ओमकारला म्हणाली दात मिट. वरच्या दातांपासून खालच्या दातांपर्यंतचं अंतर, आडवं. साडेआठ मिलिमीटर. दोन-तीन असलं तर ठीक मानतात. मग त्याचा बाजूनं एक्सरे काढला, त्याला ते लोक लॅटरल सेफ म्हणतात, डोकं एका स्टँडमध्ये कानाला टेकवून धरतात म्हणजे दर वेळी त्याच कोनात येतं. त्या एक्सरेवर तिनं पातळ कागद ठेवला आणि पेन्सिलनं ठिपके काढले (कॉम्प्युटरवर होतं म्हणे हल्ली, पण सर हातानं करायला लावतात). एक ठिपका कवटीच्या मधल्या त्या खळगीत जिथे पिट्युटरी ग्रंथी बसते, एक नाकाच्या मुळाशी, एक वरच्या जबड्यावर, एक खालच्या. ते जोडले की कोन मिळतात. वरच्या जबड्याचा कोन ८२ च्या आसपास, खालच्याचा ८० च्या, म्हणजे दोघांतला फरक दोन अंश असावा असं धरतात. ओमकारचा वरचा जबडा जवळपास बरोबर, खालचा मागे राहिलेला. म्हणजे लोक त्याला इतकी वर्षं ‘दात पुढे’ म्हणतायत आणि खरं तर दात पुढे नाहीतच फारसे, हनुवटी मागे आहे!

मला हे ऐकून जाम गंमत वाटली, कारण हाच तो चेहरा आणि दात यांचा संबंध, आणि तो आपण समजतो तितका सरळ अजिबात नाही. दात जबड्यात बसतात, जबडे कवटीला टांगलेले, वरून ओठ-गाल-जीभ यांचा दाब. आता जबडे एकमेकांशी जुळत नसले तर दात काय करतात, ते सांभाळून घेतात. खालचा जबडा मागे असेल तर खालचे दात पुढे झुकतात, वरच्यांना गाठायला. घरातल्या मोठ्या सुनेसारखं, आतून काहीही असो बाहेरून जुळलेलं दिसलं पाहिजे. त्यामुळे जबडे चुकलेले पण दात एका रेषेत अशीही माणसं असतात, आणि चेहरा एकदम प्रमाणात, जबडे छान, आणि दात मात्र गर्दीच्या लोकलसारखे एकमेकांवर चढलेले अशीही असतात. चेहऱ्याची मापं बघून दात ओळखता येत नाहीत, दात बघून चेहरा ओळखता येत नाही. दोन्ही वेगवेगळं बघायचं आणि मग एकत्र विचार करायचा, इतकं ते किचकट आहे, आणि इथे दहा सेकंदात मार्क.

दात सरळ करायच्या या विद्येचा, म्हणजे ऑर्थोडॉन्टिक्सचा, आद्यपुरुष एडवर्ड अँगल नावाचा अमेरिकन डॉक्टर, त्यानं १८९९ मध्ये दातांच्या चावण्याचे तीन वर्ग पाडले, ते आजही चालतात, आमच्या एमडीएसवालीनंही फाइलवर पहिल्याच ओळीत क्लास टू लिहिलं, म्हणजे खालचे दात वरच्यांच्या मानानं मागे. त्याचा सगळा हिशोब सहा नंबरच्या दाढेवर, जी साधारण सहाव्या वर्षी येते. वरची सहा नंबर आणि खालची सहा नंबर नीट बसल्या की सगळं नीट. त्याचा विश्वास होता की सगळेच्या सगळे दात ठेवून ते नीट बसवले की चेहरा आपोआप सुंदर होतो, आणि सुंदर म्हणजे काय, तर अपोलोचा ग्रीक पुतळा. संगमरवराचा! आता पुतळ्याला दाढा कुठून, तो काय वडापाव खातो का. पुढे त्याच्याच एका शिष्याला, चार्ल्स ट्वीडला, दिसलं की सगळे दात कोंबून बसवलेल्या पेशंटांचे ओठ पुढे येतायत आणि दात परत जागा सोडतायत. त्या माणसानं आपलेच जुने पेशंट परत बोलावले, चार-चार उपदाढा काढल्या आणि परत ट्रीटमेंट केली. मला हा माणूस आवडला, आपलंच चुकलं हे कबूल करून परत काम करणारे किती जण असतात. मग ती लाट इतकी आली की जो तो चार दात काढायला लागला, मग परत उलट, काढू नका, ओठ सपाट होतात, म्हातारपण लवकर दिसतं. म्हणजे शंभरेक वर्षं हे लोक आपापसातच भांडतायत की चांगला चेहरा कोणता, आणि आपल्याला मात्र ठाम आकडा देतात.

आणि ते आकडे आले कुठून हे विचारलं की अजून मजा आहे. बाजूच्या एक्सरेची पद्धत १९३१ ची, अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्रॅथ, दोघांनी एकाच वर्षी. त्यावर कोन मोजून ‘नॉर्मल’ काय ते सांगणारं पहिलं गाजलेलं काम डाउन्सचं, १९४८ चं. त्यानं किती जण मोजले होते? वीस. बारा ते सतरा वयाची वीस गोरी अमेरिकन मुलं, चांगले दात बघून निवडलेली. ते ८२ आणि ८०, ते स्टाइनरचे, १९५३ चे, तेही तिकडचेच. हे वाईट काम होतं असं मी म्हणत नाही, त्या काळात ते मोठंच होतं, पण वीस अमेरिकन पोरांची सरासरी आणि भांडुपच्या ओमकारचा जबडा यांच्यात काहीतरी अंतर असणारच ना. आपल्याकडे झालेल्या अभ्यासांतही वारंवार हेच निघालंय की आपल्या लोकांचे दात आणि ओठ मुळातच त्यांच्यापेक्षा थोडे पुढे, थोडे भरलेले असतात. कॉलेजातल्या सरांनी हे स्वतःहून सांगितलं, म्हणाले आम्ही आकडा बघतो आणि मग पोराकडे बघतो, दोघांत भांडण झालं तर पोराचं ऐकतो. टॅबलेटला पोरगं दिसत नाही, त्याला फक्त आकडा दिसतो.

इथे मला एक जुनी गोष्ट आठवते आणि ती या विषयाबाहेरची नाही. त्या एक्सरेवर एक आडवी रेघ काढतात, कानाच्या भोकाच्या वरच्या कडेपासून डोळ्याच्या खोबणीच्या खालच्या कडेपर्यंत, तिला फ्रँकफर्ट प्लेन म्हणतात. ही रेघ दातवाल्यांनी शोधलेली नाही, कवट्या मोजणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञांनी १८८० च्या दशकात जर्मनीतल्या फ्रँकफर्टला बसून ठरवली. ब्रॉडबेंटचं डोकं धरायचं यंत्रही कवट्या धरायच्या यंत्रातूनच आलं. आणि त्याच काळात आपल्याकडे काय चाललेलं, तर हर्बर्ट रिस्ली नावाचा साहेब लोकांची नाकं मोजत होता. रुंदी भागिले उंची गुणिले शंभर. त्याचं म्हणणं असं की नाक जितकं रुंद तितकी जात खाली, आणि हाच माणूस १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त. कंपास घेऊन, दशांशात, एकदम शास्त्रीय.

याला उत्तर दिलं ते मुंबईतल्या लोकांनी. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणाऱ्या घुर्ये सरांनी १९३२ मध्ये तेच मोजमापांचे आकडे परत मांडून दाखवलं की उत्तर प्रदेशाचा भाग सोडला तर बाकी देशात जातीची उतरंड आणि नाकाची मापं जुळतच नाहीत. आणि बाबासाहेबांनी १९४८ मध्ये, अस्पृश्यता कुठून आली याचा शोध घेताना, तेच नाकाचे आकडे घेतले आणि त्यांच्यावरच उलटवले, की या मोजण्याला तुम्ही शास्त्र म्हणत असाल तर तुमच्याच मापांनी ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, मग सांगा. मोजपट्टीला घाबरून पळण्यापेक्षा ती हातात घेऊन उलट प्रश्न विचारणं, हे मला फार भारी वाटतं.

आता कोणी म्हणेल की ताई तुम्ही बिचाऱ्या डेंटिस्टला रिस्लीच्या शेजारी बसवताय. नाही बसवत. रिस्लीला माणसांची प्रतवारी करायची होती, ऑर्थोडॉन्टिस्टला वाकडे दात सरळ करायचे असतात, त्याच्या कोनांशिवाय ओमकारच्या जबड्याचं कळलंच नसतं. माझा राग त्या ‘शंभरपैकी’ वर आहे. कोन हा कोन असतो, ८२ काय आणि ७८ काय, त्यात चांगलं-वाईट काही नाही. पण त्याचे मार्क केले की झाली प्रतवारी, मग त्यात एक वर आणि एक खाली आलाच. आणि आपल्या देशात रंग, नाक, उंची यांवरून माणूस वर-खाली करायची सवय इतकी जुनी आहे की त्यात अजून एक मशीन द्यायची काही गरज नाहीये.

ते १.६१८ तर सोडूनच द्या. गोल्डन रेशो, निसर्गाचं गुपित, शिंपले, सूर्यफूल, सगळं एका व्हिडिओत. कॅनडात फर्कास नावाचे डॉक्टर होते, त्यांनी आयुष्यभर खऱ्या माणसांचे चेहरे मोजले, आणि १९८५ मध्ये लिहिलं की चेहऱ्याचे तीन भाग सारखे वगैरे जे जुन्या चित्रकारांचे नियम आहेत ते खऱ्या माणसांत बऱ्याचदा सापडतच नाहीत, तेही गोऱ्या लोकांत, ज्यांच्यावरून ते नियम बनले. आपल्याकडेही तो नियम आहेच, वराहमिहिरापासून. मूर्तीचं कपाळ चार अंगुळं, नाक चार, नाकाखालून हनुवटीपर्यंत चार. लालबागला मूर्तिकारांच्या कारखान्यात गेलात तर माप तोंडातच मोजतात, इतकी तोंडं उंच, इतकी तोंडं रुंद. पण ते देवाच्या मूर्तीसाठी आहे हो. कुठल्या मूर्तिकारानं गिऱ्हाइकाचा चेहरा मोजून त्याला सांगितलंय का की तुमचं नाक साडेतीन अंगुळंच आहे, अर्धं अंगुळ शाडू लावून देऊ?

बरं, मध्यरेषा सरकली म्हणून चिनूचे मार्क कापले. अमेरिकेत सिअॅटलच्या विद्यापीठात कोकिच वगैरेंनी १९९९ मध्ये एक साधा प्रयोग छापला, हसऱ्या तोंडांचे फोटो घेऊन त्यात मुद्दाम थोडी थोडी खोट घातली आणि ऑर्थोडॉन्टिस्ट, साधे डेंटिस्ट आणि सामान्य लोक यांना दाखवले. दातांची मध्यरेषा चार मिलिमीटर सरकवली तरी सामान्य लोकांना त्यात काही कमी वाटलं नाही, ते खटकलं फक्त ऑर्थोडॉन्टिस्टांना. चिनूची सरकलेली आहे दीड मिलिमीटर. म्हणजे हे कोणाला दिसणार, तर जो ते सरळ करायचे पैसे घेणार त्यालाच.

आता दुसरी बाजू, कारण ती मला माझ्या अंगावर माहीत आहे. मीसुद्धा दाताळ. शाळेत ससा, दातऱ्या, खोबरं किसायची किसणी, सगळी नावं पडलेली. आई फोटोच्या वेळी हळूच म्हणायची, तोंड मिटून हस गं. लग्न ठरवताना एका स्थळाकडून निरोप आलेला, मुलगी चांगली आहे पण दात, आणि त्या ‘पण दात’ पुढे त्यांनी वाक्य पूर्णही केलं नव्हतं. त्यामुळे कोणी मला सांगू नये की दिसणं गौण असतं, आतलं सौंदर्य बघा. ज्याचे दात कधी पुढे नव्हते त्यालाच असं बोलता येतं. माझी एक मैत्रीण ऑर्थोडॉन्टिस्ट आहे, तिला हा सगळा राग ऐकवला तर ती शांतपणे म्हणाली, अगं माझ्याकडे येणारे बहुतेक जण दिसण्यासाठीच येतात, चावायला त्रास होतो म्हणून फार थोडे येतात, आणि तारा काढल्यावर ती मुलं आरशात बघतात ना तो क्षण तू बघितलेला नाहीस. मान्य. शंभर टक्के मान्य. दिसण्यासाठी तारा लावणं यात काही हलकं नाही. फक्त ती खंत त्या माणसाची स्वतःची पाहिजे, घरून घेऊन आलेला पाहिजे तो ती. चिनूकडे ती नव्हती, तिला ती मांडवात दिली गेली, कार्डावर छापून.

आणि माझ्या दातांचं खरं नुकसान चिडवण्यानं झालंच नाही. सहावीत शाळेच्या जिन्यावरून पडले, तोंडावर, आणि पुढचा दात अर्धा गेला. रूट कॅनल, कॅप, ती कॅप आतापर्यंत तीनदा बदलली, दर वेळचा खर्च वेगळा. वरचे दात जास्त पुढे असले की पडल्या-झडल्यावर ते तुटायची शक्यता वाढते, हे दातांच्या अभ्यासात पक्कं आहे, ओठाचं कुशन पुढे नसतं ना. माझ्या लहानपणी कोणी माझा चेहरा मोजला नाही, देवाची कृपा. पण माझे दात किती मिलिमीटर पुढे आहेत हेही कोणी मोजलं नाही, आणि ते मोजायला पाहिजे होतं. एक स्टीलची पट्टी, पाच सेकंद.

म्हणून मी मोजमापाच्या विरोधात नाहीच, मला उलट जास्त मोजायला हवंय, पण योग्य गोष्ट. ब्रिटनमध्ये १९८९ मध्ये एक यादी बनवली, आयओटीएन म्हणतात, कोणाला दातांच्या तारांची किती गरज आहे ते ठरवायला. एक ते पाच पायऱ्या. त्यात चेहऱ्याचं गुणोत्तर नाही, हनुवटी नाही. दात किती पुढे, एखादा सुळा हाडात अडकलाय का, वरचे-खालचे दात उलटे चावतात का, असलं. दिसण्याचाही भाग आहे त्यात, दहा फोटो ठेवलेत आणि त्यांच्याशी ताडून बघतात, म्हणजे दिसणं अगदी हद्दपार केलेलं नाही. तिथे अठराच्या आतल्या मुलाला चार किंवा पाच नंबर आला तर सरकार खर्च करतं, तीन आला तर दिसण्याचे गुण बघून. या हिशोबानं ओमकार चारमध्ये बसतो. चिनू दोनमध्ये, म्हणजे जवळपास गरज नाही. मांडवातल्या कार्डाच्या बरोब्बर उलट!

आता आपल्याकडे सरकार सगळ्यांच्या तारा लावेल असं स्वप्न मी बघत नाही, हेल्थ इन्शुरन्ससुद्धा अपघात सोडला तर दातांना सहसा हात लावत नाही. पण महापालिकेच्या शाळेत पाचवी-सहावीच्या पोरांचे दात वर्षातून एकदा पट्टीनं मोजायला काय लागतं, आणि ज्यांचं अंतर सहा मिलिमीटरच्या वर निघेल त्यांना चिठ्ठी देऊन कॉलेजात पाठवायला? वय इथे महत्त्वाचं आहे. वाढ चालू असताना मागे राहिलेल्या खालच्या जबड्यावर साध्या प्लेटनं बरंच काम होतं, वाढ थांबली की मग नुसते दात सरकवा नाहीतर जबड्याचं ऑपरेशन. श्रीमंताचं पोर कुठल्याही वयात अलाइनर लावू शकतं. वॉचमनच्या पोराकडे ही दोन-तीन वर्षंच आहेत आणि ती वर्षं तो ८४ मार्कांचं कार्ड खिशात घेऊन फिरणार होता.

आणि शिबिरं. मंडळांनी जरा तरी विचारावं की बाबा तू मोजणार काय आणि नंतर विकणार काय. अठराच्या खालच्या मुलाला चेहऱ्याचे मार्क देणं सरळ बंद, आईबाप समोर नसतील तर फोटोही नाही, आणि तो चेहऱ्याचा स्कॅन नंतर कोणाच्या सर्व्हरवर जातो तेही लेखी द्या. आमच्या सेक्रेटरींना मी हे म्हटलं तर ते म्हणाले, अहो मॅडम फुकट होतं ना. तिथेच तर सगळं अडतं.

चिनूच्या शाळेतली मुलं जीभ टाळूला दाबून बसतात म्हणे, म्यूइंग, त्यानं जबडा धारदार होतो असं इंटरनेटनं सांगितलंय. ज्या ब्रिटिश डॉक्टर बापलेकांच्या आडनावावरून ते चालतं त्यातल्या लेकाचं, माइक म्यूचं, नाव रजिस्टरवरून काढायचं तिथल्या डेंटल कौन्सिलनं २०२४ मध्ये ठरवलं, हे इंटरनेटनं सांगितलेलं दिसत नाही. त्यावर वेगळं लिहावं लागेल, इथे नको.

चिनूला कॉलेजातल्या सरांनी विचारलं, तुला स्वतःला काय आवडत नाही? ती बराच वेळ गप्प, मग म्हणाली हा एक दात जरा वाकडा आहे, पण तो मला आवडतो. सर म्हणाले मग राहू दे, मत बदललं तर ये. पाच मिनिटं, केसपेपरचे पैसे.

ओमकारला ट्विन ब्लॉक दिलंय, वर एक प्लेट खाली एक प्लेट, दोन्हीच्या उतरत्या कडा एकमेकांवर बसतात आणि जबडा आपोआप पुढे येतो. सुरुवातीला तो स ला श म्हणायचा, पोरांनी त्यावरही नाव पाडलं. एकदा वडापाव खाताना काढून कागदात ठेवली आणि कागदासकट फेकली, काका आणि मी गाडीशेजारचा डबा उपसत होतो. जेवताना सोडून दिवसभर लावायची असते, किती तास लावली ते रोज लिहायला सांगितलंय. तो तक्ता चिनूनं आखून दिला, कागद मिळाला नाही म्हणून तिच्या त्या ६८ मार्कांच्या कार्डाच्या पाठीमागे. परवा बघितला, शनिवारच्या खान्यात ओमकारनं २३ तास लिहिलेत, आणि शेजारी चिनूच्या अक्षरात, खोटं.